‘पाणी चांगलं हाय का?’: गंगथडीच्या एका प्रश्नाचं लांबलेलं उत्तर

गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या एका घाटावर मी पहिल्यांदा पाण्याचा नमुना घेत होतो. पायरीवर एक आबा धोतराचा सोगा पिळत बसले होते. काचेची बाटली, तिचं घासून बसवलेलं बूच, रसायनांच्या छोट्या कुप्या हे सगळं त्यांनी बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "सर, बाटलीत पाणी भरून कुठं न्यायलाव?"

"कॉलेजात, तपासायला," मी म्हणालो.

"मग येवढंच सांगा की, पाणी चांगलं हाय का वंगाळ?"

मी तेव्हा पर्यावरण अभियांत्रिकी शिकवायला नुकती सुरुवात केली होती. पुढच्या आठवड्यात येऊन सांगतो, असं आबांना कबूल केलं. आठवड्यानं गेलो तेव्हा हातात आकडे होते, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यांत सापडत नव्हतं. पुढे नोकरीची सगळी वर्षं मराठवाड्यातल्या नद्या, धरणं, बंधारे आणि नाले यांचं पाणी तपासण्यात गेली. आता निवृत्तीनंतर ते उत्तर मांडता येईल असं वाटतं. एका शब्दात मावत नाही, पण दहावी शिकलेल्या कुणालाही समजेल इतकं सरळ आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी बोलतोय ते उघड्यावरच्या पाण्याबद्दल, म्हणजे नदी, ओढा, तळं, धरण यांतल्या पाण्याबद्दल. विहीर आणि बोअरचं पाणी जमिनीच्या पोटातून येतं, त्याचे आजार वेगळे असतात. उघडं पाणी मात्र दर तासाला बदलतं. ऊन, वारा, पाऊस, गुरं, गावाचं सांडपाणी, सगळ्यांचा हात त्याला लागतो.

चांगलं म्हणजे कशाला चांगलं, हा पहिला उपप्रश्न. १९७४ च्या जल कायद्यानं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं आणि या मंडळानं नद्यांच्या पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले. सगळ्यात वरचा वर्ग असा, की नुसतं निर्जंतुक केलं तरी पिता येईल. त्याखाली आंघोळीचं पाणी. मग गाळून, तुरटी-क्लोरीन वापरून रीतसर शुद्ध केल्यावर पिण्याजोगं होणारं. त्यानंतर मासे आणि वन्यजीव जगतील असं, आणि शेवटी शेतीला चालेल असं. आबांना त्याच पाण्यात बुडी मारायची होती, म्हशी धुवायच्या होत्या, आणि घरी जाताना देवपूजेसाठी तांब्याभर न्यायचंही होतं. म्हणजे एकाच घाटावर एकाच माणसाला तीन वर्गांचं पाणी हवं होतं. गंगथडीतल्या, म्हणजे गोदाकाठच्या, गावांत गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. नाथांनी काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती केली, ही कथा इथं लहान पोरालाही ठाऊक असते. अशा माणसांना "वर्ग क" असं उत्तर देणं मला तेव्हाही अपुरं वाटलं होतं.

पाण्याचा श्वास

नदीचं पाणी तपासताना मी सगळ्यात आधी त्यात विरघळलेला ऑक्सिजन बघतो. मासा, खेकडा, गाळातल्या अळ्या, डोळ्यांना न दिसणारे जीवाणू, सगळे यावर जगतात. हवेत ऑक्सिजन मुबलक आहे, एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पाण्यात मात्र तो फार थोडा मावतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना जेमतेम ७. पाणी तापेल तशी त्याची ऑक्सिजन धरून ठेवायची ताकद कमी होते. त्याच वेळी जीवाणूंची भूक वाढते, साधारण १० अंशांच्या वाढीला दीडपट. म्हणजे परभणी-नांदेडच्या एप्रिलमध्ये नदीची तिजोरी आकसते आणि खर्च वाढतो. थंड देशातल्या नदीला जी घाण पचते ती आपल्या नदीला उन्हाळ्यात पचेलच असं नाही. यात लोकांच्या सवयींचा दोष नंतर येतो, तापमानाचा आधी.

हा ऑक्सिजन मोजायची रीत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं १८८८ साली शोधली. आज बुडवून आकडा दाखवणारी यंत्रं मिळतात, तरी मी प्रत्येक तुकडीला ही जुनी रीत हातानं करायला लावत आलो, कारण तिच्यात पाण्याचा श्वास डोळ्यांना दिसतो. तीनशे मिलिलिटरची बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा राहू न देता भरायची. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइडचं द्रावण सोडायचं. ऑक्सिजन असेल तर बाटलीत तपकिरी साका धरतो, गूळ विरघळताना दिसतो तसा. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराफटक राहतो. मग गंधकाम्ल घातलं की साका विरघळून पाणी पिवळं होतं. त्यात थोडं पिठूळ पाणी, म्हणजे स्टार्च, टाकलं की गडद निळं, आणि थायोसल्फेटचे थेंब मोजत गेलं की एका थेंबाला तो निळा रंग अचानक नाहीसा होतो. किती थेंब लागले त्यावरून ऑक्सिजन किती ते कळतं. शहराच्या नाल्याच्या तोंडाशी भरलेल्या बाटलीत साका पांढरा राहिलेला पाहिला की वर्गातली पोरं गप्प होतात. वर कितीही निळं आभाळ प्रतिबिंबित होत असलं तरी त्या पाण्यात मासा जगू शकत नाही.

आता बीओडी, म्हणजे बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड. वर्तमानपत्रात नदीच्या बातमीत हा शब्द हमखास असतो आणि बहुतेक वेळा नुसता आदळलेला असतो. अर्थ साधा आहे: पाण्यातली सेंद्रिय घाण खाऊन संपवायला जीवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, ते माप. बाटलीतला ऑक्सिजन आज मोजायचा, तेच पाणी अंधारात ठराविक तापमानाला ठेवायचं, काही दिवसांनी परत मोजायचा. जेवढा घटला तेवढी त्या पाण्याची भूक. लिटरला दोन-तीन मिलिग्रॅम असेल तर नदी निरोगी म्हणावी. घराघरांतून येणाऱ्या, शुद्ध न केलेल्या सांडपाण्याचा बीओडी दोनशे ते तीनशे. मळीपासून दारू काढल्यावर उरणाऱ्या, डिस्टिलरीतल्या तपकिरी पाण्याचा चाळीस हजारांच्याही वर जातो. असं एक टँकर पाणी ओढ्यात सुटलं तर ओढा मैलोन्‌मैल गुदमरतो.

एका परदेशी आकड्याची गोष्ट

माझ्या सगळ्या कामाचं सार ज्यात आहे ती गोष्ट आता सांगतो, इथं जरा थांबून वाचा.

बीओडीची चाचणी मूळची इंग्लंडची. तिथं ती २० अंशांना पाच दिवस करतात. भारतात उष्णता जास्त, जीवाणूंचं काम लवकर उरकतं, म्हणून आपण २७ अंशांना तीन दिवस करतो. चाचणी आपण आपल्या हवेला जुळवून घेतली. पण तिच्यासोबत आलेला एक विचार तसाच राहिला.

सांडपाण्यावर नेमलेल्या ब्रिटिश शाही आयोगानं १९१२ साली शिफारस केली, की नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. हा वीसचा आकडा आला कुठून? आयोगाच्या अनुभवाप्रमाणे नदीचा बीओडी ४ च्या वर गेला की ती नासायला लागते. सोडलेल्या पाण्यात नदीचं निदान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल, असं त्यांनी धरलं होतं. एक भाग २० चा आणि आठ भाग २ चे एकत्र केले की सरासरी बरोबर ४ येते. हिशोब चोख आहे. पण तो उभा आहे त्या आठपट पाण्यावर. बारमाही पाऊस असलेल्या देशात ते असतं.

मराठवाड्यात कुठून आणायचं? आपल्याकडे प्रक्रिया केलेलं पाणी नदीत सोडायची सर्वसाधारण मर्यादा बीओडी ३० अशी आहे, आणि आंघोळीच्या घाटाची मर्यादा ३. या दोन आकड्यांच्या मधे जे अंतर आहे ते वाहत्या नदीनं भरून काढायचं, असं गृहीत आहे. आपण हिशोब करून बघू. एका नाल्यातून सेकंदाला १०० लिटर पाणी येतंय, अगदी नियमात बसणारं, बीओडी ३०. पावसाळ्यात वरून नदीचं ९,९०० लिटर पाणी येतंय, बीओडी २. दोन्ही मिसळल्यावर बीओडी होतो सव्वादोनच्या आसपास. कुणाला पत्ताही लागणार नाही. दिवाळीनंतर नदी उतरून ९०० लिटरवर आली की तोच नाला नदीचा बीओडी जवळपास ५ वर नेतो. फाल्गुनात नदीत १०० च लिटर उरले तर १६. आणि चैत्र-वैशाखात वरून काहीच येत नाही, तेव्हा ३०. नाल्यानं वर्षभर एकही नियम मोडलेला नाही, पाणी वाढवलेलं नाही, तरी घाट आंघोळीच्या मर्यादेच्या दहापट घाण झाला. प्रत्यक्षात अनेक गावांचं आणि शहरांच्या बऱ्याच वस्त्यांचं पाणी प्रक्रियेविनाच येतं. मग तिथं ३० च्या जागी अडीचशे घालून हिशोब करा.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगत आलो की मराठवाड्यात पाणी किती आणि पाणी कसं हे दोन वेगळे विषय धरू नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण आटलं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन आली, तेव्हा सगळा देश किती लिटर ते मोजत होता. ते बरोबरच होतं. पण अशा वर्षी मांजरेच्या आणि तेरणेच्या डोहांत जे थोडं पाणी साचून असतं त्याची भूक किती वाढलेली असते, हे मोजायला त्या धांदलीत सहसा कुणाला सवड नसते. जायकवाडीचा वादही मला याच नजरेनं दिसतो. वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडायचं यावर पावसाची तूट असलेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात ताणाताणी होते. ती सिंचनाची आणि पिण्याच्या पाण्याची म्हणून लढली जाते. नदीला स्वतःला धुवायला लागणारं पाणी त्या हिशोबात कुणाच्या वाट्याला धरायचं, हा प्रश्न मी प्रत्येक बैठकीत मांडला आणि पुढेही मांडत राहीन.

केंद्रीय मंडळ नद्यांचे बीओडी ३ च्या वर गेलेले पट्टे प्रदूषित म्हणून नोंदवतं. २०२२ च्या अहवालात देशभरात असे ३११ पट्टे होते आणि त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. ही संख्या वाचून चीड येते आणि यायलाच हवी. मात्र यात एक बाजू अशीही आहे की महाराष्ट्रात नमुने घेण्याची ठिकाणं पुष्कळ आहेत. जिथं मोजतच नाहीत तिथली नदी कागदावर स्वच्छच राहते.

जिना झालेली नदी

गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावून समुद्रापर्यंत १,४६५ किलोमीटर वाहते, असं भूगोलात शिकवतात. पैठणपासून खाली ती आता वाहते असं म्हणणं वर्षातले बरेच महिने खरं नसतं. आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस आणि सगळ्यात खाली बाभळी, असे एकामागून एक उच्च पातळी बंधारे झाले आहेत. नांदेडच्या वर विष्णुपुरी आहे. पावसाळा संपला की दारं बंद होतात आणि नदीचा जिना होतो, प्रत्येक पायरीवर एक लांबट, थांबलेलं तळं. या बंधाऱ्यांनी काठच्या शेतांना जगवलंय. मी त्यांच्या विरोधात नाही. पण पाणी थांबलं की त्याचा स्वभाव बदलतो.

वाहतं पाणी दगडगोट्यांवरून फेसाळत जाताना हवेतून ऑक्सिजन ओढून घेतं. घाण पडली की ऑक्सिजन खाली जातो, पुढे काही अंतरावर तळ गाठतो, आणि नदी वाहत राहिली तर हळूहळू पुन्हा वर चढतो. झोळीसारखा दिसणारा हा आलेख स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९२५ साली ओहायो नदीवरून मांडला, आणि आजही जगभर तोच पहिला धडा असतो. आपल्या जिन्यावर त्या झोळीची दुसरी बाजू पुरी चढतच नाही. चढायच्या आधीच पुढचा बंधारा येतो, पुढच्या गावाचा नाला येतो.

थांबलेल्या, उन्हानं तापलेल्या पाण्यात मग शेवाळ येतं. त्याला खाद्य लागतं नायट्रोजन आणि फॉस्फरसचं, आणि त्यातला फॉस्फरस बहुधा चावीसारखा असतो. कॅनडात ओंटारिओमधल्या एका तळ्याच्या मधोमध १९७३ साली पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्यात त्यांच्यासोबत फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग थोड्याच काळात हिरवागार झाला, शेजारचा जवळपास होता तसाच राहिला. आकाशातून काढलेला तो फोटो मी दरवर्षी वर्गात दाखवायचो. आपल्याकडे हा फॉस्फरस तीन वाटांनी येतो: संडासाच्या पाण्यातून, कपड्यांच्या पावडरीतून, आणि काळ्या मातीसोबत वाहून जाणाऱ्या डीएपीतून. शेतकऱ्यानं पैसे मोजून टाकलेलं खत पहिल्या मोठ्या पावसात मातीला चिकटून ओढ्याला जातं. बांध धड असला तर पैसा वाचतो आणि धरणही. जलपर्णीला खाद्य पुरवतात ती हीच द्रव्यं. दरवर्षी यंत्रानं जलपर्णी काढतात आणि ती दरवर्षी परत येते, कारण तिचं ताट आपण वाढतच असतो.

इथं एक फसवी गोष्ट आहे, ती मला कळायला काही वर्षं लागली. शेवाळ दिवसा ऊन खातं आणि पाण्यात ऑक्सिजन सोडतं. दुपारी दोनला हिरव्या डोहात बाटली भरली तर ऑक्सिजन इतका जास्त येतो की कागदावर ते पाणी पहिल्या वर्गाचं ठरावं. रात्री ऊन नसतं, पण शेवाळाचा स्वतःचा श्वास चालू असतो, जीवाणूंचाही. ऑक्सिजन उतरत जातो आणि सूर्य उगवायच्या आधी सगळ्यात खाली येतो. एखाद्या बंधाऱ्यात पहाटे मासे तरंगलेले दिसले आणि दुपारच्या नमुन्यात काहीच दोष सापडला नाही, असं होतं ते यामुळे. कोळी बांधवांना हे आधीपासून माहीत असतं. ते सांगतात, मासळी पहाटं वर येऊन तोंड उघडझाप करू लागली की समजावं पाणी बसलं. सरकारी असो वा कॉलेजचा, नमुना घेणारा माणूस गाडीनं साधारण अकराला पोचतो. त्यामुळे माझ्या पहिल्या काही वर्षांच्या वह्यांत नदी होती त्याहून निरोगी दिसते. नंतर मी घाटाजवळच्या गावात मुक्काम करून पहाटे पाचला बाटली भरायला लागलो.

नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, विचार करताना आणखी एक हिशोब मांडावा लागतो. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केलेलं आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालेलं हे धरण सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली आठ मीटरच्या जरा वर. म्हणजे ताट मोठं, पण उथळ. पूर्ण भरलेल्या धरणाची पातळी वाफेनं दिवसाला ५ मिलिमीटर उतरली तरी १७५ कोटी लिटर पाणी हवेत जातं. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी. क्षार आणि फॉस्फरस मागे राहतात. आमटी आटत ठेवली की खारट होते, तसंच. म्हणून मृतसाठ्याशी आलेलं धरण हे त्याच पाण्याचं घट्ट रूप असतं. उन्हाळ्यात नळाला मातकट वास येतो तो बहुधा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पहिल्या पावसाच्या मातीलाही त्याचाच वास असतो. त्यानं अपाय होत नाही. पण काही निळ्या-हिरव्या शेवाळांचं विष, मायक्रोसिस्टिन, हे खरंच घातक असतं आणि पाणी उकळूनही जात नाही. पाण्यावर रंगाच्या डब्यातून सांडल्यासारखा हिरवा थर आला की तिथं गुरं सोडू नयेत आणि पोरांना पोहू देऊ नये.

घरातली तपासणी

हल्ली घरोघरी पेनासारखं टीडीएसचं यंत्र असतं आणि जारचं पाणी विकणारा ते बुडवून दाखवतो. त्यात कळतात फक्त विरघळलेले क्षार. जंतू त्याला दिसत नाहीत. नाल्याच्या पाण्याचा आकडा कधीकधी चांगल्या बोअरपेक्षा कमी येतो, कारण आपल्या काळ्या दगडातलं बोअर मुळातच जड असतं. कावीळ, गॅस्ट्रो, टायफॉइड हे आजार या पेनाच्या आकड्यात नाहीत.

जंतूंसाठी आपल्या खेड्यांत एक फार चांगली व्यवस्था आहे, तिची कदर कमी होते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो आणि नळाच्या पाण्याची ओटी चाचणी घेतो. ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, म्हणजे वाटेत जंतू शिरले तरी त्यांचा बंदोबस्त होईल. पावडरचं पोतं ओल आणि उन्हात उघडं राहिलं तर तिचा जोर उतरतो, आणि मग मापात टाकूनही उपयोग होत नाही. पाणी गढूळ असलं तरी तेच. मातीच्या कणांआड जंतू लपतात. म्हणून आधी तुरटी, मग टीसीएल. तुरटीनं काय होतं? मातीचे बारीक कण एकाच जातीच्या विद्युतभारामुळे एकमेकांना ढकलत पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, कण एकत्र येऊन जड होतात आणि तळाला बसतात. माझी आई माठात तुरटीचा खडा तीन फेरे फिरवायची. नदीकाठच्या शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात मोठ्या हौदांत चालतं ते हेच.

आबांना द्यायचं उत्तर

इतकी वर्षं एकाच घाटावर जाऊन काय मिळालं, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, त्या घाटाचं पंचांग मिळालं. दहा नद्यांची एकेक बाटली भरण्यापेक्षा एका घाटाच्या तीनशे बाटल्या भरणं मला जास्त उपयोगाचं वाटत आलं. बाटली भरताना नदी किती वाहतेय याची नोंद हवी, वेळ हवी, आदल्या आठवड्यात पाऊस झाला का हेही हवं. त्यावाचून आकडा पोरका असतो. आता उपग्रहाच्या चित्रांतून नाथसागरावरची हिरवी छटा कळते, यंत्रं दर काही मिनिटांनी आकडा पाठवतात, आणि या सगळ्याचं मला अप्रूप आहे. तरी घाटाची पायरी सुटू नये.

ते पंचांग असं. आबा, मिरगाचं पहिलं पाणी आलं की आठ-दहा दिवस गंगेत उतरू नका. लोक त्याला नवं पाणी म्हणून नमस्कार करतात, पण वर्षभर ओढ्या-नाल्यांत, उकिरड्यांवर, गटारांत साचलेलं सगळं त्या एका लोंढ्यात येतं. बंधाऱ्यांच्या तळाचा गाळ उसळतो, ऑक्सिजन एकदम खाली जातो, मासे मरतात ते बहुतेक तेव्हाच. आषाढ-श्रावणात पाणी तांबडं-गढूळ असेल, दिसायला वाईट, पण वाहतं आहे. पोटात जाऊ देऊ नका, बाकी भीती कमी. भाद्रपद-आश्विनात पूर ओसरून पाणी निवळतं, तेव्हाची गंगा वर्षातली सगळ्यात निरोगी. बुडी मारायची तर तेव्हा मारा. कार्तिकात बंधाऱ्यांची दारं पडतात, पाणी थांबतं, आणि कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होतात. तेव्हापासून पाण्याचा रंग आणि वास यांवर लक्ष ठेवा, चहासारखा रंग दिसला तर त्याच दिवशी कळवा, कारण उद्या पुरावा वाहून गेलेला असेल. माघ-फाल्गुनात हिरवट झाक येईल. नाथषष्ठीला पैठणला जाल तेव्हा नदीत वरून ताजं पाणी सोडलंय का, ते आधी विचारा. चैत्र-वैशाखात तुमच्या घाटावर जे साचलेलं असतं त्यात गावाच्या नाल्याचा वाटाच मोठा असतो. म्हशी धुवा, पण नातवाला त्यात पोहायला शिकवू नका. आणि देवपूजेचा तांब्या त्या दोन महिन्यांत घरच्या नळावर, ओटी चाचणी पिवळी आली की भरा.